दुपारचं रिकामं टेबल: तालुक्याच्या गावातलं हॉटेल कलाकारांचा अड्डा कसं होतं

दुपारी ३ ते ६ या वेळात तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही हॉटेलात डोकावून बघा. थाळीची गर्दी ओसरलेली असते, वस्ताद म्हणजे आचारी मागे आडवा झालेला असतो, पोऱ्या मोबाईल बघत असतो आणि दहा टेबलांवरचे पंखे उगाच फिरत असतात. भाडं मात्र त्या तीन तासांचंही द्यावंच लागतं. गावातल्या चित्रकाराला, कवीला, मृदंग वाजवणाऱ्याला नेमके हेच तीन तास हवे असतात. घरी जागा नसते, देवळात बोलायची सोय नसते आणि पारावर बसलं की पत्ते खेळणारे शेजारी येतात.

सासवडला आमचं छोटं हॉटेल आहे. पुण्याहून कुणी आलं की हमखास म्हणतं, ‘इथे गुडलकसारखं काहीतरी करा.’ गुडलक हा कॅफे १९३५ पासून पुण्यात डेक्कनला आहे. फर्ग्युसन कॉलेज, फिल्म इन्स्टिट्यूट आणि १९६८ साली सुरू झालेलं बालगंधर्व रंगमंदिर, सगळं त्याच्या आसपास. तिथे बनमस्का खाणारा कलाकार तालमीला किंवा वर्गाला निघालेलाच असतो, त्याला वेगळं बोलवावं लागत नाही. दिवे घाटाच्या वर तशी वर्दळ नाही. म्हणून पुण्याच्या कॅफेची सजावट उचलून आणण्यात काही हशील नाही. तालुक्याच्या गावी कलाकार दोन गोष्टींसाठी येतो: कुणी न उठवता बसता येईल असा वेळ आणि कामाची खबर. या दोन्ही आपल्याकडे आधीच पडून असतात, फक्त त्यांची नीट व्यवस्था लावायची असते.

आधी माणसं मोजा

रंग लावायच्या आधी वही घ्या आणि गावात कोण कोण आहे ते लिहून काढा. ‘आमच्या गावात कुठले आलेत कलाकार’ असं म्हणणाऱ्याचीही यादी पानभर होते. शाळेतले चित्रकलेचे सर, जे दरवर्षी मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवतात. फ्लेक्स आल्यापासून ज्याच्या ब्रशला काम उरलं नाही तो पेंटर. भजनी मंडळातला पेटीवाला. बँडमधला क्लॅरिनेटवाला. लग्नाचे फोटो काढणारी दोन पोरं, गणपतीच्या मूर्ती रंगवणारं कुटुंब, बँकेतून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून रोज एक गझल लिहिणारे काका. एकांकिका करणारी कॉलेजची मुलं. जेजुरी जवळ असल्याने आमच्याकडे वाघ्या-मुरळीही आले. नारायणगावात असाल तर तमाशातली माणसं पहिल्या ओळीत येतील.

यादी झाली की प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा मोकळा वार आणि वेळ लिहा. वार इथेच ठरतो. जेजुरीच्या माणसांना रविवारी देवाच्या कामातून डोकं वर काढता येत नाही, सोमवती अमावास्येला तर विचारूच नका. कीर्तनकार एकादशीला सापडणार नाहीत. लग्नसराईत शनिवार-रविवार बँडवाले आणि फोटोवाले गायब. बाजाराच्या दिवशी तुमचंच टेबल रिकामं नसतं. हे सगळं वजा केल्यावर आमच्याकडे मंगळवार उरला. तुमच्याकडे दुसरा वार उरेल. पण एकदा ठरला की तो हलवू नका. या मंडळींकडे निरोप पोचायला वेळ लागतो आणि पोचलेला निरोप बदलायला त्याहून जास्त.

टेबल, उजेड आणि संडास

सगळं हॉटेल देऊ नका, एक कोपरा द्या. सहा-आठ जण बसतील असं एक मोठं टेबल किंवा दोन टेबलं जोडून, रस्त्यापासून आत आणि भट्टीपासून लांब. जवळ एक प्लग हवा. टीव्ही त्या वेळात बंद. हे ऐकून काही मालकांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण टीव्ही चालू असलेल्या खोलीत कविता वाचणं म्हणजे जत्रेत पारायण. टेबलावर सनमायका असेल तर जुनी खादीची चादर दुमडून अंथरा. कप आपटल्याचा आवाज निम्मा होतो आणि चित्र काढणाऱ्याचा कागद सरकत नाही.

आता ज्यावर सहसा कुणी लिहीत नाही ती गोष्ट. बायका-मुली याव्यात असं वाटत असेल तर आधी संडासाची कडी बघा. कडी घट्ट लागते का, दिवा आहे का, पाणी आहे का, दाराकडे जाताना सिलिंडरच्या टाक्या आणि माणसं ओलांडावी लागतात का. नाटकातल्या मुली पहिल्यांदा येतात त्या मैत्रिणीच्या आग्रहाने. दुसऱ्यांदा येतील की नाही ते या खोलीवर ठरतं. दुसरी गोष्ट, बैठक ६ वाजता उठलीच पाहिजे. लांबच्या वाडीवर जाणाऱ्या मुलीची शेवटची एसटी चुकली तर पुढच्या मंगळवारी तिच्या घरून परवानगी येत नाही.

खायला काय ठेवायचं

वस्तादाला झोपेतून उठवावं लागेल असं काहीही या वेळच्या पाटीवर लिहू नका. एक शेगडी, एक पोरगा आणि हात फिरवून तयार होणारे चार पदार्थ पुरतात: चहा, बनमस्का, सुकी भेळ, भडंग. उपासाला शेंगदाण्याचा लाडू. कांदाभजीचा मोह पावसाळ्यात फार होतो. पण कढई चढली की तेल, धूर आणि वस्ताद तिन्ही लागतात.

चहा कपावर विकू नका, किटलीवर विका. सहा कटिंगची किटली टेबलावर ठेवून द्यायची. पोऱ्या सारखा ‘अजून काही?’ म्हणत डोक्यावर उभा राहत नाही आणि प्रत्येकाने स्वतःच्या चहाचे पैसे काढायचा ओशाळवाणा प्रसंगही टळतो.

हिशोब उदाहरणापुरता मांडू. आठ जण, प्रत्येकी दोन कटिंग, १५ रुपयांप्रमाणे २४० रुपये. तीन प्लेट भेळ, ४० रुपयांप्रमाणे १२०. गल्ल्यात ३६०. माल एक तृतीयांश धरला तर १२० गेले. पोऱ्याला जादा वेळेचे १२० आणि दिवाबत्तीचे २० काढले की हातात १०० रुपये राहतात. शंभर रुपयांसाठी कुणी हा उद्योग करू नये. खरी कमाई टेबलाबाहेरून येते: तालमीच्या दिवसांत नाटकाच्या ग्रुपचं रात्रीचं जेवण, जागरण-गोंधळाच्या पार्टीचं पार्सल, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा नाश्ता, आणि ‘आमच्या सरांचं चित्र लागलंय’ म्हणून घरच्यांना घेऊन रविवारी जेवायला येणारे पालक. तीन महिने या बाहेरच्या ऑर्डरी वेगळ्या वहीत लिहा. ती वही रिकामी राहिली तर तुमचा अड्डा हौसेवर चालला आहे, हे समजून पुढचं ठरवा.

उधारी

कलाकार उधारी करणारच. मानधन उशिरा येतं, कधी येतच नाही. त्यामुळे ‘उधार बंद है’ची पाटी लावून अड्डा जमत नाही आणि पाटी नसली तर हॉटेल टिकत नाही. मधला मार्ग आमच्याकडे चालतो तो असा: खातं माणसाच्या नावावर असतं, टेबलाच्या नावावर नाही. ‘सगळ्यांचं माझ्या खात्यावर लिही’ हे वाक्य ऐकू आलं की हसायचं आणि लिहायचं नाही. मर्यादा ५०० रुपये. नोंद त्याच दिवशी, त्याच्या डोळ्यांसमोर. महिन्याच्या ५ तारखेला आकडा कागदावर लिहून हातात द्यायचा, चारचौघांत तोंडी सांगायचा नाही.

चित्राच्या बदल्यात जेवण हा प्रकार ऐकायला फार रम्य वाटतो. मी त्याच्या विरुद्ध आहे. चित्राची किंमत कुणी ठरवलेली नसते, थाळीची पाटीवर लिहिलेली असते. सहा महिन्यांनी दोघांनाही आपण फसलो असं वाटतं. करायचंच असेल तर चित्राची किंमत आधी कागदावर लिहा आणि तेवढ्या रकमेचं खातं जमा दाखवा.

भिंत

चित्रं लावायची तर प्रत्येक वेळी भिंतीला खिळे ठोकू नका. छताखाली एक अॅल्युमिनियमची पट्टी किंवा लोखंडी सळई आडवी बसवून घ्या आणि तिला हुक व तार अडकवून चित्रं सोडा. महिन्याला चित्रं बदलली तरी भिंतीची चाळण होत नाही. प्रदर्शनात चित्राचा मध्य साधारण जमिनीपासून पावणेपाच फुटांवर धरतात, कारण बघणारा उभा असतो. हॉटेलात बघणारा बसलेला असतो, म्हणून थोडं खाली चालतं, पण खुर्चीवरच्या माणसाचं तेल लावलेलं डोकं टेकणार नाही इतकं वर हवं.

भट्टीच्या दाराच्या बाजूची भिंत सोडून द्या. फोडणीची वाफ रोज थोडी थोडी बसते आणि महिन्याभरात कागद पिवळट चिकट होतो. थेट ऊन येणारी भिंतही नको, जलरंग उडतात. जलरंगाला समोर काच किंवा अॅक्रिलिक शीट हवीच. पावसाळ्यात फ्रेम भिंतीला घट्ट टेकली की मागून ओल धरते. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवा, वारा खेळता राहतो. दिवा घेताना दुकानदाराला सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा वरचा मागा. साध्या ट्यूबखाली लाल आणि तपकिरी रंग मेल्यासारखे दिसतात, आणि दुर्दैवाने गावाकडच्या निसर्गचित्रांत मातीचेच रंग जास्त असतात.

लावायच्या आधी प्रत्येक चित्राचा पुढून-मागून फोटो काढा. एका कागदावर चित्राचं नाव, माध्यम, माप, किंमत, कधीपासून कधीपर्यंत आणि खराब झालं तर कुणी भरून द्यायचं हे लिहून दोघांनी सही करा. चित्रकार म्हणेल, ‘अहो, आपल्यात कशाला?’ आपल्यात म्हणूनच. विक्री झाली तर पैसे थेट चित्रकाराला जाऊ द्या. चित्राखाली त्याचाच क्यूआर कोड लावा. हॉटेलच्या खात्यातून पैसे फिरवले की ते तुमच्या उलाढालीत दिसतात आणि जीएसटीच्या हिशोबात नसता घोळ होतो.

कामाचा फळा

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे.

नारायणगावात जत्रांच्या हंगामाआधी तमाशाचे फडमालक राहुट्या टाकून बसतात आणि गावोगावचे पंच तिथे येऊन सुपारी ठरवतात. कुठल्या गावाला कुठली तारीख हवी, कुणाचा फड मोकळा आहे, बिदागी किती, सगळं तिथल्या तिथे. कलाकार एका जागी जमतो कारण काम त्या जागी येतं. तुमच्या गल्ल्यावर हीच खबर दिवसभर फुकट येत असते. चहा पिता पिता कुणी सांगतं की पोराचं लग्न जमलं, जागरण घालायचंय. कुणी दुकान काढतंय, त्याला पाटी हवी. शाळेला स्नेहसंमेलनासाठी नाच बसवणारं कुणी हवंय. मंडळाला देखाव्यासाठी मागचा पडदा रंगवून पाहिजे. ही खबर आत्तापर्यंत हवेत विरत होती.

गल्ल्याजवळ एक काळा फळा टांगा. त्यावर तीनच रकाने: काय काम, कुठे, कधीपर्यंत. फोन नंबर फळ्यावर नको, तो गल्ल्यावरच्या वहीत. काम हवं असलेल्याने गल्ल्यावर येऊन विचारायचं. त्यामुळे कुणाला कुठलं काम दिलं ते तुम्हाला कळतं आणि एकाच माणसाला सगळी कामं जात नाहीत ना, तेही बघता येतं. दलाली घेऊ नका, अगदी आग्रह झाला तरी. एकदा घेतली की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही एजंट, आणि एजंटच्या टेबलावर कुणी मोकळेपणाने बसत नाही.

पहिलं काम तुमचंच लिहा. हॉटेलची जुनी फ्लेक्सची पाटी उतरवून हाताने रंगवलेली पाटी करून घ्या आणि पेंटरला पूर्ण पैसे द्या, त्याच दिवशी, रोख. पेंटर शिडीवर चढून जेव्हा ‘मिसळ’मधल्या ‘ळ’ला पोट काढत असतो तेव्हा खाली पाचसात माणसं मान वर करून उभी असतात. त्यातलाच एखादा आपल्या टेम्पोचं नाव रंगवायला देतो. याच्यापेक्षा चांगली जाहिरात मला माहीत नाही.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला बोलावलं तर मानधन द्या. जेवण हे मानधन नव्हे. ‘तुमचं नाव होईल’ हे तर त्याला सांगूच नका. वाघ्या-मुरळीला ज्या पंचक्रोशीत पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात तिथे तुमच्या हॉटेलात गाऊन त्यांचं आणखी काय नाव व्हायचंय? तुम्हाला पूर्ण परवडत नसेल तर आधी आकडा ठरवा, निम्मे तुम्ही द्या, उरलेल्यासाठी ताटली फिरवा, आणि ताटलीत कमी पडले तर तेही तुम्हीच भरा.

आवाज आणि कायदा

माईक लावू नका. चाळीस माणसांच्या खोलीत दिमडी-तुणतुण्याला माईक लागत नाही. तरीही आवाज घुमतो, कारण फरशी, काच आणि पत्रा तिन्ही तो परत फेकतात. गाणाऱ्याच्या मागच्या भिंतीवर जाड सतरंजी टांगा आणि खाली चटई घाला, तेवढ्याने फरक पडतो. तबला-मृदंग भट्टीच्या वाफेपासून लांब ठेवा, दमट हवेत पुडी सैल पडते. हलगीवाला आला तर ती शेकायला छोटी शेगडी लागेल, ती अंगणात द्या, सिलिंडरजवळ नको.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सगळ्यांना लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, आणि एरवीही तो लावायला परवानगी लागते. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्यापासून १०० मीटरपर्यंत सरकारला शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. पण नियमांच्या आधी शेजारी. पहिल्या बैठकीच्या आदल्या दिवशी दोन्ही बाजूंच्या घरी स्वतः जाऊन सांगा आणि त्यांना चहाला बोलवा. तक्रार करणारा माणूस निम्म्या वेळा आपल्याला विचारलं नाही म्हणूनच चिडलेला असतो.

दिवसभर स्पीकरवर सिनेमाची गाणी वाजवणं हा कायद्याने सार्वजनिक वापर आहे आणि त्याला हक्कधारकांच्या संस्थांचा परवाना लागतो. तुकोबा, सोपानदेव यांच्या अभंगांच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही. कवी वारल्यानंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. पण अलीकडच्या संगीतकाराने लावलेली चाल वेगळी, तिचा हक्क त्याच्याकडे असू शकतो. टेबलाभोवती संहिता वाचणं ही एक गोष्ट आणि लोकांसमोर तिकीट लावून नाटकाचा प्रयोग करणं ही दुसरी. प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं संहितेला प्रमाणपत्र लागतं, शिवाय पोलीस ठाण्यात जावं लागतं. त्या भानगडीत हॉटेलवाल्याने पडूच नये. तालीम आपल्याकडे करू द्यावी, प्रयोग सभागृहात.

मानपान

पहिल्या मंगळवारी तिघांनाच बोलवा. उद्घाटन नको, नारळ नको, नगरसेवक तर नकोच. पत्रिका छापली की व्यासपीठ आलं, व्यासपीठ आलं की अध्यक्ष आले आणि अध्यक्षांचं भाषण झालं की किटली गार. आचार्य अत्र्यांचं जन्मगाव कोढीत सासवडच्या जवळ असल्याने इथे माईक दिसला की प्रत्येकाला विनोदी वक्ता व्हायचं असतं, हा आमचा खास त्रास.

वाचन असेल तर नियम एकच, प्रत्येकाला दोन कविता किंवा पाच मिनिटं. घंटा वाजवायचं काम गावाबाहेरून आलेल्या सुनेला किंवा नव्या शिक्षकाला द्या. जुन्या माणसाला त्यांचा राग धरता येत नाही. तुम्ही स्वतः सूत्रसंचालन करू नका, गल्ला सोडू नका. पुण्याहून कुणी नावाजलेलं आलं तर त्यांनाही तीच पाच मिनिटं.

एक गोष्ट मात्र मालकाने डोळ्यांत तेल घालून बघायची. वाघ्या, मुरळी, तमाशातली बाई यांचं गाणं सगळ्यांना हवं असतं, पण त्यांच्या शेजारी बसायची वेळ आली की काही जणांची खुर्ची हळूच सरकते. कप सगळ्यांना एकाच ट्रेमधून, बसणं एकाच टेबलाशी, हाक मारताना सगळ्यांना अहो-जाहो. कुणी वेगळी प्लेट मागितली तर पोऱ्यावर सोडू नका, स्वतः उठून जा आणि नाही म्हणा. एखादं गिऱ्हाईक तुटेल, तुटू द्या. आणि न विचारता मुलींचे रील काढणाऱ्याला पहिल्या वेळी सांगा, दुसऱ्या वेळी बिल हातात द्या.

वर्षाचं गणित

आषाढी वारीला जाताना, ज्येष्ठात माउलींची पालखी सासवडला मुक्कामाला येते आणि सोपानकाकांची पालखी इथूनच निघते. त्या दिवसांत टेबल कुणाचंच नसतं. मंगळवार आला तरी बैठक रद्द, आणि ते आधीच्या आठवड्यात फळ्यावर लिहा. पण भजनी मंडळातल्या ओळखीच्या मंडळींसाठी एक खोली मोकळी ठेवता आली तर ठेवा. जुलै-ऑगस्टला कॉलेजची मुलं पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या तयारीत असतात, त्यांना तालमीसाठी जागा लागते आणि भूकही प्रचंड लागते. याच सुमारास मूर्तिकारांकडे बोलायला वेळ नसतो, चहा त्यांच्या मांडवात पोचवा. दिवाळीनंतर हौशी नाटकवाले राज्य नाट्य स्पर्धेच्या मागे लागतात. माघापासून जत्रा, मग लग्नसराई, म्हणजे वाजवणारे सगळे बाहेर. तेव्हा टेबल चित्रकार आणि कवींचं.

उन्हाळ्यात दुपारी ३ ला आमच्या पत्र्याखाली कुणाला बसवत नाही. एप्रिल-मेमध्ये बैठक संध्याकाळी ५ ला लावा, नेहमीप्रमाणे ६ ला उठवा आणि जेवणाची गिऱ्हाइकं यायच्या आत, साडेसहाला टेबलं वेगळी करून पुसून घ्या.